मास्तरांची परीक्षा

‘स्वस्तातली स्कॉच’ हे दोन शब्द एकत्र उच्चारले की आपल्याकडे दोन प्रकारच्या लोकांना त्रास होतो. पहिल्या प्रकारच्या लोकांच्या मते स्कॉच मुळात स्वस्त असूच शकत नाही. स्कॉच म्हणजे साहेबाच्या कपाटातली, किंवा दुबईहून आलेल्या मेव्हण्याने ड्यूटी फ्रीच्या पिशवीतून बाहेर काढलेली बाटली. तिची पूजा करायची, परीक्षा नाही. दुसऱ्या प्रकारचे लोक अलीकडे वाढलेत. हे सिंगल माल्टवाले. त्यांच्या लेखी ब्लेंड म्हणजे भेसळीचं सभ्य नाव. ब्लेंड समोर ठेवलीत तर ते नको म्हणत नाहीत (नको कोण म्हणतं?), पण घोट घेताना चेहरा असा करतात की जणू तुमच्यावर उपकार चाललेत.

मी या दोन्ही पार्ट्यांच्या बाहेरचा माणूस. माझं म्हणणं असं आहे की साध्या, परवडणाऱ्या ब्लेंडेड स्कॉचची व्यवस्थित परीक्षा घ्यायला हवी, आणि ती घेताना दोन गोष्टी बाजूला ठेवायला हव्यात. एक, बाटलीची किंमत. दुसरी, इतरांनी वापरलेली विशेषणं. या दोन्ही काढून टाकल्या की उरते फक्त आपली जीभ. आणि गंमत म्हणजे नेमका तिच्यावरच आपला सगळ्यात कमी भरवसा असतो!

परीक्षेला मी ‘टीचर्स हायलँड क्रीम’ बसवली आहे. आमच्या कंपूत तिला मास्तर म्हणतात. "आज मास्तर येणारेत का?" असा फोन आला की घरच्यांनाही वाटतं कुणीतरी वडीलधारं माणूस येणार आहे. मास्तर निवडण्याचं कारण एवढंच की आपल्या मध्यमवर्गातल्या कितीतरी लोकांची स्कॉचशी पहिली ओळख याच बाटलीने झालेली असते. पहिली ओळख करून देणाऱ्याला पुढे कुणी फारसं विचारत नाही, हा जगाचा नियमच आहे. शाळेतल्या मास्तरांचंही तेच होतं.

आधी मास्तरांचा थोडा इतिहास. टीचर हे आडनाव. विल्यम टीचर हा गृहस्थ १८३० च्या सुमारास ग्लासगोतल्या एका किराणा दुकानातून व्हिस्की विकू लागला आणि पुढे त्याने शहरात स्वतःचे गुत्ते काढले. गुत्ते म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं तसे ते नव्हते म्हणे. स्वच्छता कडक, धूम्रपानाला बंदी आणि एकमेकांना पाजण्यालाही बंदी, असा त्यांचा लौकिक होता. (आडनाव अगदीच वाया गेलं नाही.) तो १८७६ साली वारला. १८८४ साली ‘हायलँड क्रीम’ हे नाव अधिकृतपणे नोंदलं गेलं, आणि या ब्लेंडला लागणारी माल्ट व्हिस्की हक्काची असावी म्हणून त्याच्या मुलाने, ॲडमने, ॲबर्डीनशरमध्ये आर्डमोर नावाची डिस्टिलरी उभारली. साल १८९८. १९१३ साली याच घराण्याच्या कंपनीने हाताने उघडता येणारं बूच बाजारात आणलं. त्याआधी व्हिस्कीच्या बाटलीलाही वाइनसारखा कॉर्क असायचा आणि उघडायला स्क्रू लागायचा. म्हणजे आज आपण जे सहज ‘टक्’ करून बूच काढतो त्यात मास्तरांचा वाटा आहे. २०१४ पासून मात्र मालकी जपानच्या सनटोरीकडे आहे. स्कॉटलंडची दारू, जपानी मालक आणि बाटलीत भरली जाते भारतात! स्वतःला शुद्ध देशीवादी म्हणवणाऱ्याने किंवा शुद्ध विलायतीवाल्याने, दोघांनीही ही बाटली जरा जपूनच हाताळावी.

आता ‘ब्लेंड’ या शब्दाकडे येऊ. सगळा घोळ तिथेच आहे.

जव म्हणजे बार्ली. ती भिजवायची, तिला मोड आणायचे आणि वाळवायची. हे झालं माल्ट. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, लहान मुलांसाठी नाचणीचं सत्त्व करताना आई-आजी मोड आणून वाळवण्याचंच काम करतात. या माल्टपासून आंबवण करून तांब्याच्या मोठ्या भांड्यात ऊर्ध्वपातन केलं की माल्ट व्हिस्की. एकाच डिस्टिलरीची असेल तर सिंगल माल्ट. दुसरा प्रकार ग्रेन व्हिस्की. ही बहुतेक वेळा गव्हाची किंवा मक्याची, आणि उंच खांबासारख्या यंत्रात अखंड चालणाऱ्या प्रक्रियेने केलेली. या यंत्राचं पेटंट एनियस कॉफी या आयरिश माणसाने १८३० साली घेतलं. योगायोग बघा, माणूस कॉफी आणि यंत्र दारूचं. ग्रेन व्हिस्की हलकी, गोडसर आणि स्वस्त. माल्ट आणि ग्रेन एकत्र केल्या की ब्लेंडेड स्कॉच.

हे एकत्र करण्याचं काम सुरुवातीला कोणी केलं? बऱ्याच ठिकाणी किराणा दुकानदारांनी. किल्मार्नॉकचा जॉन वॉकर किराणावालाच. ॲबर्डीनचे शिवास बंधू तेच. वेगवेगळ्या मळ्यांचा चहा मिसळून गिऱ्हाइकाला दरवेळी एकाच चवीची पूड देणं हा त्या काळच्या दुकानदारांचा नेहमीचा उद्योग होता. पिंपातली व्हिस्की मात्र कधी जहाल, कधी पाणचट, कधी नुसता धूर. चहाला जे जमतं ते व्हिस्कीला का जमू नये, हा सरळ धंदेवाईक विचार. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधी गोदामातच माल्ट आणि ग्रेन मिसळायला परवानगी मिळाली आणि ब्लेंडचा रस्ता मोकळा झाला. पुढे फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांना फायलोक्सेरा या किडीने झोडपलं, ब्रँडीचा तुटवडा पडला आणि इंग्रज साहेबाच्या पेल्यात ब्रँडीच्या जागी ही ब्लेंडेड स्कॉच जाऊन बसली. स्कॉच जगभर गेली ती ब्लेंडच्या खांद्यावर बसून. सिंगल माल्टची हवा त्यानंतर कितीतरी दशकांनी सुरू झाली.

म्हणून ब्लेंडला भेसळ म्हणणं मला पटत नाही. घरच्या गोड्या मसाल्याचं उदाहरण घ्या. धने, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, दालचिनी असं काय काय त्यात पडतं. दरवर्षीचे धने वेगळे, खोबऱ्याचा तेलकटपणा वेगळा. तरी आमटीची चव गेल्या वर्षीसारखीच लागली पाहिजे. हे ज्या बाईला जमतं तिला कुणी "तुम्ही नुसते सिंगल धने का नाही वापरत?" असं विचारत नाही. उलट तिच्याकडून मसाला मागून नेतात. ब्लेंडरचं काम या बाईचंच आहे, फक्त तिच्या डब्यांच्या जागी त्याच्याकडे पिंपं असतात. निरनिराळ्या डिस्टिलऱ्यांच्या, निरनिराळ्या वयाच्या व्हिस्क्या घेऊन दरवर्षी तीच चव उभी करायची. एखाद्या डिस्टिलरीतून माल यायचा बंद झाला तरी पिणाऱ्याला कळता कामा नये.

अर्थात ‘स्कॉच’ या नावामागे काही पक्के नियमही आहेत, त्यामुळे स्वस्त असली तरी तिला अगदी मोकळं रान नाही. ब्रिटनच्या २००९ च्या नियमांनुसार स्कॉच स्कॉटलंडमध्येच बनली पाहिजे, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षं मुरली पाहिजे, आणि तिच्यात पाणी व रंगापुरतं साधं कॅरामल याशिवाय काहीही घालता येत नाही. बाटलीवर वय लिहिलंच तर ते तिच्यातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं लिहावं लागतं. मास्तरांच्या बाटलीवर वय नाही. म्हणजे ३ वर्षं नक्की, त्यापुढचं गुलदस्त्यात. आपल्या बाजारातल्या बऱ्याचशा देशी व्हिस्कीत मळीपासून केलेलं मद्यार्क मुख्य असतं आणि त्यात थोडी माल्ट किंवा थोडी स्कॉच मिसळलेली असते. युरोपात अशा पेयाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. हा फरक चवीत कळतो का, हा पुढचा प्रश्न. त्याकडे येतोच.

त्याआधी किंमत. बाहेरून भरून येणाऱ्या स्कॉचवर भारतात वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क होतं. म्हणजे बंदरावर १०० रुपयांची असलेली बाटली कस्टममधून बाहेर पडताना २५० ची. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, मग विक्रीकर, मग घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा. २०२१ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं. रातोरात आकडे बदलले. बाटलीतलं पेय तेच होतं, पिंप तेच, ब्लेंडरही तोच. आता सांगा, आदल्या दिवशी तिच्यात जी ‘रिचनेस’ होती ती दुसऱ्या दिवशी कुठे गेली?

मास्तर थोडे स्वस्त पडतात याचं एक कारण म्हणजे त्यांचा प्रवास. ब्लेंडेड स्कॉच टाकीतून मोठ्या प्रमाणावर परदेशी पाठवून तिथे पाणी घालून बाटलीत भरायला परवानगी आहे. सिंगल माल्टला नाही, ती २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच भरावी लागते. त्यामुळे भारतात भरलेली ब्लेंड पाहून "ही काही खरी स्कॉच नाही" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. मुरणं, मिसळणं सगळं तिकडेच झालेलं असतं. इकडे फक्त पाणी आणि काच. उलट एक फायदाच आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक साध्या ब्लेंड ४० टक्क्यांवर भरतात, कारण कायद्याने तेवढंच किमान लागतं. आपल्याकडे लेबलवर ४२.८ टक्के दिसतं. हा विचित्र आकडा जुन्या इंग्रजी ‘प्रूफ’ मोजपद्धतीचा अवशेष आहे, तिथले ७५ अंश म्हणजे आपले ४२.८ टक्के. साहेब गेला, त्याचं माप राहिलं आणि आपल्या पदरात पावणेतीन टक्के जास्त पडले.

बरं, परीक्षा घ्यायची कशी? ज्यांना वाटतं की यासाठी फार मोठा सरंजाम लागतो त्यांच्यासाठी सांगतो. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा कुठलाही स्वच्छ ग्लास चालतो. त्यात ३० मिली, बर्फ आणि सोडा न घालता. वेळ जेवणाआधीची. स्वयंपाकघरात बोंबील तळत असतील किंवा देवघरात उदबत्ती लावलेली असेल तर परीक्षा पुढे ढकलावी. ग्लास नाकाखाली धरून तोंड किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे नाकातोंडात झणका बसत नाही. मग तेवढंच पाणी घालायचं. हो, निम्मं पाणी! ‘नीट’ न पिणाऱ्याला बायल्या समजणाऱ्या वीरांना हे ऐकवत नाही, पण ज्यांचं पोट या धंद्यावर चालतं ते ब्लेंडर व्हिस्कीत पाणी घालून ती २० टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मगच हुंगतात. ४२.८ च्या व्हिस्कीत तेवढंच पाणी घातलं की होतात २१.४. म्हणजे आपले काका लोक आयुष्यभर जे ‘फिफ्टी-फिफ्टी’ करत आले ते नकळत शास्त्रशुद्धच होतं.

पाण्याने वास खुलतो यालाही आधार आहे. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर व्हिस्कीच्या रेणूंची नक्कल करून पाहिली. धुरकट वास देणारं ग्वायाकॉल नावाचं द्रव्य दारू फार कडक असेल तेव्हा मद्यार्कात गुरफटून आत राहतं, आणि पाणी घालून दारू सौम्य केली की पृष्ठभागाकडे येतं, असं त्यांना आढळलं. पृष्ठभागावर आलं की नाकाला भेटलं. फक्त पाणी चांगलं हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास असेल तर स्कॉटलंडचे सगळे कष्ट महापालिका एका चमच्यात धुऊन टाकते.

आता प्रत्यक्ष परीक्षा. इथे विशेषणांचा मुद्दा येतो. व्हिस्कीवरची इंग्रजी वर्णनं वाचलीत तर हेदर, मार्मलेड, ख्रिसमस केक असलं काय काय असतं. मी हेदरचं फूल आयुष्यात हुंगलेलं नाही. जे हुंगलंच नाही ते पेल्यात शोधायचं आणि सापडल्यासारखं करायचं, हा प्रकार मला परीक्षेत कॉपी करण्यासारखा वाटतो. प्रत्येक माणसाच्या डोक्यात वासांचं स्वतःचं एक कपाट असतं. आपण ते उघडावं.

तर माझ्या कपाटातून. पाणी न घालता पहिला वास गुळाच्या पाकाचा, थोडा करपण्याच्या बेतातला. त्यामागे सातूच्या पिठाचा खमंगपणा. सातू म्हणजेच जव, तेव्हा हा वास यावा यात नवल नाही, पण तो आला की बरं वाटतं. त्यावर एक तीव्र, स्पिरिटचा झणका आहे, इंजेक्शनआधी कापसाने पुसतात तसला. हा कोवळ्या ग्रेन व्हिस्कीचा गुण, आणि तो लपवलेला नाही. पाणी घातलं की झणका बसतो आणि धूर वर येतो. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचा धूर. लाकडाच्या ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या घालून पेटवलेला बंब ज्यांनी पाहिलाय त्यांना हा वास सांगावा लागणार नाही. धुराचं मूळ आर्डमोर. तिथल्या माल्टसाठी जव वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठत गेलेला कुजक्या वनस्पतींचा थर. त्याचा धूर मोडांना लागतो तो व्हिस्कीत उतरतो. आयला बेटावरच्या नामांकित धुरकट व्हिस्क्यांच्या मानाने हा धूर बराच सौम्य आहे. तिथे घर पेटल्यासारखं वाटतं, इथे शेजारच्या घरी पाणी तापत असतं.

जिभेवर सुरुवात गोड, मध्ये भिजवलेले बेदाणे आणि थोडी मिरी, मग धूर. अंगाने ती बऱ्यापैकी भरीव आहे. नेहमीच्या ब्लेंडपेक्षा मास्तरांत माल्टचं प्रमाण जास्त, ४५ टक्क्यांच्या घरात असतं, असा दावा पूर्वीपासून केला जातो, आणि घोट जिभेवर फिरवला की तो मला तरी पोकळ वाटत नाही. कमी पडतात ते शेवटाला. घोट गिळल्यावर चव जेवढी रेंगाळावी तेवढी रेंगाळत नाही. तास संपल्याची घंटा झाली की मास्तर डस्टर उचलून वर्गाबाहेर. मागे थोडा कडवटपणा राहतो, लाकडाचा.

आता आमच्या एका आंधळ्या परीक्षेबद्दल. मित्राच्या घरी आम्ही चौघांनी तीन ग्लास ठेवले. एकात मास्तर, दुसऱ्यात किमतीला त्यांच्या तिप्पट असलेली एक सिंगल माल्ट आणि तिसऱ्यात एक लोकप्रिय देशी व्हिस्की. ग्लास भरले मित्राच्या आईने, ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही आणि जाताना तसं बोलूनही दाखवलं. निकाल असा. दोघांनी सिंगल माल्टला पहिला नंबर दिला, त्यात मी होतो. वहिनी, म्हणजे मित्राची बायको, वर्षातून एक-दोनदा घेतात. त्यांनी मास्तरांना पहिलं ठेवलं आणि "याला आमच्या आजोळच्या बंबाचा वास येतोय" असं सांगून मोकळ्या झाल्या. वर लिहिलेला बंब मूळचा त्यांचाच आहे. चौथ्याने, जो आमच्यात सगळ्यात जास्त माल्टची नावं जाणतो, देशी व्हिस्कीला पहिला नंबर दिला.

नावं उघड झाल्यावर जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चौथा मित्र आधी हसला, मग म्हणाला सर्दी झालीय, मग म्हणाला ग्लासमध्ये काहीतरी गडबड असणार. पंधरा मिनिटांत त्याने आपलं मत बदललंसुद्धा. वास्तविक त्याला ती आवडली होती! गोड होती, मऊ होती, त्याच्या जिभेला रुचली, यात लाजण्यासारखं काय? पण स्वतःच्या जिभेपेक्षा त्याला लेबलाचा धाक जास्त. हा दोष एकट्या त्याचा नाही. २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. लोकांना तीच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. महाग सांगितलेली त्यांना जास्त आवडली, आणि सुखाची नोंद घेणारा मेंदूचा भागही त्या वेळी जास्त उद्दीपित झालेला दिसला. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. किंमत ऐकून त्यांना खरंच जास्त मजा आली होती. हे वाचून मी जरा घाबरलो होतो. आपली आवड आपली असते हीसुद्धा गृहीत धरण्यासारखी गोष्ट नाही तर.

पण याचा उलटा अर्थ काढून "सगळ्या सारख्याच, महागवाले सगळे मूर्ख" असं म्हणणारेही असतात. तेही खरं नाही. त्या रात्रीच्या सिंगल माल्टमध्ये एका घोटात चार गोष्टी एकामागून एक उलगडत होत्या आणि शेवट लांबवर चालला होता. मास्तरांमध्ये दोन गोष्टी उलगडतात आणि शेवट आटोपशीर आहे. फरक आहे. तो तिप्पट पैशांइतका आहे का, हे ज्याने त्याने आपल्या खिशाला विचारावं. माझा खिसा महिन्यातल्या एका शनिवारी "नाही" म्हणतो आणि वर्षातून एकदा "बरं, चालेल" म्हणतो.

तेव्हा मार्क. वासाला २० पैकी १३. चवीला ३० पैकी २०. शेवटाला १५ पैकी ८, तेही सढळ हाताने. पाणी घातल्यावर टिकून राहण्याला १५ पैकी १२, कारण निम्म्या पाण्यातही धूर आणि गूळ दोन्ही जागेवर राहतात, आणि समोर खारे शेंगदाणे किंवा चकली असली तरी दबत नाहीत. सातत्याला २० पैकी १७. एकूण ७०. फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन पाच मार्कांनी हुकलं. सातत्याला एवढे मार्क कशाला, असं कुणी म्हणेल. माझ्या मते ब्लेंडने आपल्याला जे वचन दिलेलं असतं ते हेच, की गेल्या वेळी होते तसंच या वेळीही असेन. ज्याचं जे वचन त्यावरून त्याची परीक्षा. गायकाला तुम्ही तबल्याचे मार्क देत नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय संपवणं बरं दिसणार नाही. याच महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी ‘आडव्या बाटली’ला मत देऊन दारूची दुकानं बंद पाडली आहेत, आणि त्यांनी ते गंमत म्हणून केलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं की आरोग्याला निर्धोक म्हणता येईल असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. गंमत अशी की आपल्या राज्यात पिण्याचा परवाना मिळतो तो कायद्याच्या भाषेत ‘आरोग्य राखण्यासाठी’! चव कळते म्हणून पिणं शहाणपणाचं ठरत नाही. न पिणाऱ्याला यातलं काही वाचून प्यावंसं वाटावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. जे पितातच, त्यांनी निदान काय पितोय ते बघावं एवढंच. आणि माझा अनुभव असा की दोन ग्लास लावून वासांची यादी करत बसलं की साठ मिलीत संध्याकाळ पुरते. खंबा संपवण्याच्या शर्यतीत मात्र बंबाचा वास कुणालाच येत नाही.

शेवटी थोडं पुढचं. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार कराराच्या सह्या झाल्या. त्यात ठरलंय असं की करार अमलात आला की स्कॉचवरचं १५० टक्के शुल्क ७५ वर येईल आणि पुढे दहा वर्षांत ४० वर. २०२२ मध्ये फ्रान्सला मागे टाकून, बाटल्यांच्या संख्येत, भारत स्कॉचचा जगातला सगळ्यात मोठा ग्राहक झाला, तो एवढं शुल्क भरून. आता ते उतरायला लागलं की आज कपाटात कुलपाआड असलेल्या बाटल्या हळूहळू वाण्याच्या यादीसारख्या साध्या होतील. तेव्हा आपली खरी पंचाईत होणार आहे. आजवर पाहुण्यासमोर बाटली ठेवताना ती किती महाग आहे हे न बोलता सांगायची सोय होती. उद्या ती सोय गेली, आणि पाहुण्याने ग्लास हुंगून "कशी आहे हो ही?" असं विचारलं, तर काहीतरी उत्तर द्यावं लागेल. किंमत सांगून भागणार नाही. त्या उत्तराची तयारी आजपासूनच, साध्या बाटलीवर केलेली बरी. मास्तर त्यासाठीच असतात.